गच्चीवरचा तोच जॉइंट चौथ्यांदा गळतोय? आधी पाना खाली ठेवा

नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात मी 31 वर्षं लेथवर काढली. त्यातली निम्मी तरी आटे पाडण्यात गेली असतील. त्यामुळे आमच्या इंदिरानगरच्या घराच्या गच्चीवर, टाकीखालचा पाऊण इंची जॉइंट एका वर्षात चौथ्यांदा गळायला लागला तेव्हा घरात सगळ्यात जास्त लाज मलाच वाटली. सून एवढंच म्हणाली, "बाबा, हा तुम्हीच बसवलाय ना?" हो, मीच बसवला होता. आणि मीच तीनदा बिघडवलाही होता, हे नंतर कळलं.

झालं असं. टाकीतून खाली येणाऱ्या यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या पाइपाला एक एल्बो (काटकोनी वळणाचा तुकडा) होती, तिच्या एका तोंडाला आतले आटे. घरात जुना पितळी बॉल व्हॉल्व पडून होता, चांगला जाडजूड. तो वाया का घालवायचा म्हणून मी त्याला जीआयचं, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचं निपल (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला आखूड तुकडा) लावलं आणि ते निपल त्या प्लॅस्टिकच्या एल्बोत आवळलं. महिन्याभरात थेंब दिसायला लागला. पाइप पाना घेतला, पाव वेढा आणखी दिला, थेंब थांबला. तीन दिवसांनी परत सुरू. दुसऱ्या वेळी सगळं उघडून टेफ्लॉन टेपचे चांगले पंधरा वेढे मारले. ते दीड महिना टिकलं. तिसऱ्या वेळी माझ्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला आणि मी आट्यांना लावायचं लॉकिंगचं द्रव वापरलं, मशीनचे बोल्ट सुटू नयेत म्हणून जे लावतात ते. चौथ्या वेळी टाकी रिकामी करून एल्बो उन्हात नेली, फडक्यानं कोरडी केली आणि तोंडावरून नख फिरवलं. नख अडकलं. केसाएवढी बारीक चीर, तोंडापासून आत साधारण आठ मिलिमीटर, अगदी पाइपाच्या दिशेनं सरळ. डोळ्यांना दिसत नव्हती, नखाला कळली.

म्हणजे मी एवढे दिवस आट्यांतली गळती बंद करत होतो आणि पाणी येत होतं फुटलेल्या भिंतीतून.

आवळल्यावर नेमकं काय होतं

पाइपाचे आटे बोल्टच्या आट्यांसारखे सरळ नसतात, निमुळते असतात. निमुळतेपणा 16 ला 1. पाऊण इंची आट्यात एका इंचात 14 आटे, म्हणजे एक पूर्ण वेढा दिला की निपल 1.81 मिलिमीटर आत जातं, आणि तेवढ्यानं तोंडापाशी त्याचा व्यास सुमारे 0.11 मिलिमीटरनं वाढलेला असतो. हातानं घट्ट बसल्यावर तुम्ही पान्यानं तीन वेढे दिलेत, तर एल्बोचं तोंड जवळजवळ एक तृतीयांश मिलिमीटर ताणून उघडायचा प्रयत्न तुम्ही केलात. पाचर मारून लाकूड फोडतात ना, तसाच हा प्रकार, फक्त पाचर गोल आहे.

लोखंडाच्या एल्बोत लोखंडाचं निपल असेल तर दोन्ही तेवढ्याच ताकदीचे, आटे एकमेकांत थोडे चेपतात आणि घट्ट होतात. प्लॅस्टिकमध्ये प्लॅस्टिक असेल तर आतलं थोडं दबतं, बाहेरचं थोडं ताणतं, ताण वाटला जातो. पण आत लोखंड आणि बाहेर प्लॅस्टिक ही जोडी वाईट. निपल तसूभरही दबत नाही, सगळा ताण एल्बोच्या भिंतीवर. आणि प्लॅस्टिकची खोड अशी की ते त्याच दिवशी फुटत नाही. ताण धरून ठेवतं, हळूहळू सैलावतं, मग एक दिवस टोकाला चीर पडते. म्हणून थेंब आठवड्यांनी येतो आणि आपल्याला वाटतं की आवळणं कमी पडलं. परत आवळतो. चीर दोन मिलिमीटर आणखी पुढे.

गंमत बघा, टाकीच्या अगदी खालच्या जॉइंटवर दाब किती असतो? दहा मीटर पाण्याला साधारण एक बार. माझ्या एल्बोवर पाणी होतं जेमतेम दीड मीटर, म्हणजे 0.15 बार. एवढ्या दाबाला रोखायला पाइप पान्याची गरजच नव्हती. हे गणित मी कारखान्यात झोपेत केलं असतं. गच्चीवर पाना हातात आला की ते सुचत नाही.

टेपचंही तेच. टेफ्लॉन गुळगुळीत असतं, ते गळती जेवढी रोखतं तेवढंच वंगणाचंही काम करतं. पंधरा वेढे मारलेलं निपल लोण्यासारखं आत जातं आणि हाताला वाटतं अजून घट्ट झालेलंच नाही. त्यात टेपची जाडी वर आली. नेहमीची पांढरी टेप 0.075 मिलिमीटर जाड असते. पंधरा वेढे म्हणजे ताणल्यानंतरही व्यासात दीड-दोन मिलिमीटरची भर. काही टेप सोलून बाहेर येते हे खरं, पण उरलेली पाचर जाड करते.

लॉकिंगच्या द्रवाचा तर वेगळाच विनोद. ते हवा बंद झाल्यावर धातूच्या संपर्कात घट्ट होतं. माझ्याकडे एका बाजूला धातू होता, म्हणून अर्धंमुर्धं घट्ट झालं, बाकीचं तसंच ओलं राहिलं. आणि ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकला हे द्रव चिरा पाडू शकतं. बहुधा माझ्या चिरेला तेवढीच मदत हवी होती. प्लॅस्टिकवर ते वापरू नका. डब्यावर प्लॅस्टिकसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेली, कडक न होणारी टेफ्लॉनची पेस्ट मिळते, ती चालते.

आधी गळती कुठून आहे ते पक्कं करा

जॉइंट ओला दिसतो म्हणजे जॉइंटच गळतोय असं नाही. पाणी पाइपावरून उतरत येतं आणि सगळ्यात खालच्या गाठीला लोंबतं. मी आता रांगोळी वापरतो. जॉइंट फडक्यानं नीट कोरडा करायचा, दहा मिनिटं उन्हात ठेवायचा आणि वरून चिमूटभर कोरडी रांगोळी भुरभुरायची. जिथून पाणी पहिल्यांदा येतं तिथली रांगोळी आधी गडद होते. बायकोला हे फारसं पटलं नाही, पण गव्हाचं पीठ वापरू देत नव्हती, मग रांगोळीच.

आट्यांच्या तोंडाशी गोल ओलावा दिसला तर टेपचा किंवा आट्यांचा दोष. तोंडाजवळ एका रेषेत ओलं झालं तर चीर. तिथे काहीही लावू नका, फिटिंग बदला. दोन बोटं मागे, पाइप जिथे सोल्यूशननं चिकटवलाय तिथे ओलं झालं तर आट्यांचा काही संबंध नाही. व्हॉल्वच्या दांडीतून येत असेल तर व्हॉल्व म्हातारा झाला.

बाहेरून एम-सील थापायची आपल्याकडे पद्धतच आहे. मीही थापलंय. दाब आतून येतो आणि तो थर बाहेरून असतो, म्हणजे पाणी त्याला ढकलूनच बाहेर पडतं. एक-दोन महिने निघतात. टाकी रिकामी करायला वेळ नाही, पाहुणे आलेत, अशा वेळी ठीक. पीपी किंवा एचडीपीई या मेणचट प्लॅस्टिकवर तर ते धड चिकटतही नाही. तसंच आट्यांना सोल्यूशन लावणं. सोल्यूशन प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, पोकळी भरत नाही, आणि आट्यांमध्ये पोकळीच असते. लावलंत तर गळती राहते आणि जॉइंट उघडतही नाही, दोन्ही बाजूंनी नुकसान.

जीआयच्या काळातलं सूत आणि सफेदा प्लॅस्टिकला मुळीच नको. सूत पाण्यानं फुगतं. लोखंड ते सहन करतं, प्लॅस्टिकचं तोंड उकलतं. तेलाच्या पेस्ट सीपीव्हीसीला, म्हणजे गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपाला, चिरा पाडू शकतात. जुने मिस्त्री अजून सवयीनं सूत गुंडाळतात, त्यांना गोड बोलून थांबवा.

टेप कुठे लावायची आणि कुठे लावायचीच नाही

हा भाग मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो, कारण अर्ध्या गळत्या इथे आहेत. आटे दिसले की टेप गुंडाळायची अशी आपली सवय. पण काही ठिकाणी आटे फक्त दाबून धरायला असतात, पाणी रोखतो वायसर किंवा ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी.

टाकीचं निपल घ्या. टाकीच्या भिंतीतून जातं, आतून चपटं तोंड आणि रबरी वायसर, बाहेरून नट. इथले आटे सरळ असतात, निमुळते नाहीत. कितीही टेप मारा, आट्यांतून पाणी थांबत नाही. थांबवतो तो वायसर. तो वायसर सपाट भिंतीवर बसला पाहिजे. भोक पाडताना कडेला राहिलेला खरखरीत कीस चाकूनं साफ केला नाही तर वायसर एका बाजूला उचललेला राहतो आणि तिथूनच झिरपतं. टाक्यांच्या भिंतीला गोलाई असते, म्हणून भोक सपाट पट्टीवरच पाडा. सिलिकॉन इथे फार कामाचं नाही, काळ्या टाकीच्या पॉलिथिनला ते पकडतच नाही.

युनियनचं, म्हणजे पाइप मधेच उघडता यावा म्हणून लावतात त्या जोडाचंही तसंच. तिची मोठी चाकी हातानं फिरवायची, आत ओ-रिंग आहे. गळली तर टेप नको, ओ-रिंग काढून पाहा, वाळूचा कण सापडेल. गिझरच्या लवचिक नळीच्या टोकालाही वायसर असतो, तिथे टेप गुंडाळली तर वायसर पुरता दाबलाच जात नाही.

निमुळते आटे एकमेकांत जातात तिथेच टेप. नर तोंड, म्हणजे बाहेरून आटे असलेलं, आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायचं, म्हणजे फिरवताना टेप उलगडत नाही, आणखी बसते. प्लॅस्टिकला तीन ते चार वेढे पुरेत, ताणून, आट्यांचा उंचवटा टेपमधून दिसला पाहिजे. पहिला आटा मोकळा सोडा. नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन कुठल्यातरी शॉवरच्या भोकात किंवा बॉल कॉकच्या तोंडात जाऊन बसतो आणि मग वेगळीच तक्रार सुरू होते. मग हातानं घट्ट, आणि पान्यानं एक ते दीड वेढा. तेवढंच. पट्ट्याचा पाना असेल तर उत्तम, पाइप पान्याचे दात प्लॅस्टिकला ओरखडे पाडतात आणि तिथूनच पुढे चीर जाते.

आणि एकदा घट्ट केल्यावर मागे फिरवायचं नाही. एल्बोचं तोंड थोडं जास्तच फिरलं म्हणून पाव वेढा मागे घेतला की टेप फाटली समजा. उघडा, जुनी टेप टूथब्रशनं काढा, नवी मारा. या कटकटीवर माझ्याकडे आता सोपा उपाय आहे: आट्यांचं काम आधी, सोल्यूशनचं नंतर. आधी एमटीए (एका टोकाला बाहेरून आटे, दुसऱ्या टोकाला पाइप चिकटवायचा असा प्लॅस्टिकचा तुकडा) किंवा निपल फिटिंगमध्ये बसवून घ्या, हवं तितकं घट्ट. मग पाइप सोल्यूशननं चिकटवताना एल्बो हव्या त्या दिशेला वळवा. चिकटवल्यावर मी एक रात्र पाणी सोडत नाही; थंडीत तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

माझा गच्चीवरचा उपाय शेवटी असा झाला. फुटलेली एल्बो कापून टाकली. पितळी व्हॉल्व ठेवायचाच होता, म्हणून जोडणी उलटी केली: पितळी व्हॉल्वच्या आतल्या आट्यांत प्लॅस्टिकचा एमटीए. आता धातू बाहेर आणि प्लॅस्टिक आत. जास्त आवळलं तरी धातूचं तोंड फुटत नाही, आणि प्लॅस्टिकवर दाब येतो, ताण नाही. जिथे प्लॅस्टिकच्या तोंडात धातूचा नळ घालावाच लागतो, भिंतीतल्या नळाला लागतोच, तिथे आत पितळी आटे ओतलेली फिटिंग घ्या. दुकानात एफएबीटी म्हणून मागा. आत प्लॅस्टिकचेच आटे असलेल्या साध्या एफटीएपेक्षा महाग आहे, पण टाइल्स फोडण्यापेक्षा स्वस्त. गिझरच्या बाजूला तर हीच फिटिंग घ्या आणि पाइप सीपीव्हीसी. यूपीव्हीसी गरम पाण्यासाठी नाही, तिथे आटे सैल होतात.

नाशिकचं ऊन

गच्चीवर अजून एक गोष्ट आहे जी खाली बाथरूममध्ये नसते. पीव्हीसीचा पाइप एका मीटरला, एका अंशाला साधारण 0.07 मिलिमीटर वाढतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हातला पाइप हवेपेक्षा बराच जास्त तापतो. रात्री आणि दिवसात पाइपाच्या तापमानात तीस अंशांचा फरक धरा. सहा मीटरच्या पाइपाला ते सव्वा सेंटिमीटर झालं. दोन्ही टोकं क्लँपनं घट्ट धरली असतील तर तो सव्वा सेंटिमीटर रोज जॉइंटलाच ओढतो आणि ढकलतो. एल्बोच्या आट्यांवर बाकदार ताण येतो आणि ज्या बाजूला ताण जास्त तिथून थेंब सुरू. माझ्या पाइपाला दोन टोकांना सिमेंटात गाडलेले क्लँप होते. आता मधे एक वळण दिलंय आणि क्लँप सैल ठेवलेत, पाइप त्यात सरकतो. शिवाय पांढरा रंग मारला, उन्हानं प्लॅस्टिक ठिसूळ होऊ नये म्हणून.

भाच्याच्या द्राक्षबागेत

निफाड तालुक्यात माझ्या भाच्याची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ठिबक सुरू केलं की फिल्टरपाशी गळती, दरवर्षी. फोन आला, "मामा, सहा टेप संपल्या." गेलो. फिल्टर जुना, परदेशी, कुणाकडून तरी घेतलेला, दोन इंची. खिशात माझी जुनी आटे मोजायची गेज होती, लावून बघितली आणि फटीतून उजेड दिसला. आपल्याकडचे पाइपाचे आटे बीएसपी, 55 अंशांचे, दोन इंचीला एका इंचात 11. या फिल्टरचे अमेरिकन एनपीटी, 60 अंशांचे, साडेअकरा. सुरुवातीचे दोन-तीन वेढे एकदम छान बसतात, मग अडतं, आणि माणूस समजतो की घट्ट झालं. अर्धा इंची आणि पाऊण इंचीला तर दोन्हीत 14च आटे, कोन मात्र वेगळा; ते आणखी फसवतात, पूर्ण बसतात आणि गळतात.

यावर टेपचा उपाय नाही. आधीच्या कंपनीतल्या एका मित्रानं पीपीच्या जाड दांड्यातून एक कपलर काढून दिला, एका तोंडाला एनपीटी, दुसऱ्याला आपले आटे, भिंत बारा मिलिमीटरची. पितळ नको म्हणालो, कारण भाचा ठिबकला अ‍ॅसिड देतो. सगळ्यांकडे लेथवाला मित्र नसतो हे मान्य. बाजारात असे तयार अ‍ॅडॅप्टरही असतात, फक्त दुकानदाराला "एनपीटी टू बीएसपी" असं नेमकं सांगावं लागतं, नाहीतर तो "दोन इंची" ऐकून साधाच देतो.

बागेत दुसरं कारण होतं मोटरची थरथर. पंपाच्या तोंडाला सरळ प्लॅस्टिकचे आटे लावलेले. तिथे आता रबरी नळीचा तुकडा दिला, हातभर. आणि मोटर बंद करायच्या आधी व्हॉल्व धडकन बंद करायची त्याची सवय. पाणी उलटं आदळतं तो धक्का आट्यांनाच बसतो. हळू बंद कर, म्हटलं. किती ऐकतो बघू.

एचडीपीई पाइपाच्या कॉम्प्रेशन फिटिंगला तो नटाच्या आट्यांवर टेप गुंडाळत होता. तिथेही ओ-रिंगच काम करते. पाइपाचं टोक आरीनं वाकडं कापलं होतं, ते सरळ कापून कड थोडी घासली, ओ-रिंगला ओला हात लावला आणि बसवलं. काम झालं.

तुकडा आत राहिला तर

जुना एमटीए काढताना तो मानेशी तुटतो आणि आट्यांचा गोल तुकडा धातूच्या तोंडात अडकून राहतो. पक्कड घालून ओढू नका, आटे खराब होतील. हॅकसॉचं नुसतं पातं घ्या, फडकं गुंडाळून एका टोकाला धरा आणि तुकड्याच्या आतल्या बाजूनं एक खाच पाडा, बाहेरच्या आट्याला टेकायच्या आत थांबा. थोड्या अंतरावर दुसरी खाच. मधला भाग बारीक पेचकसानं आत वाकवला की मोकळा होतो, बाकीचा तुकडा सैल पडून फिरवून निघतो. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, घाईत पातं मोडतं. मी दोन मोडली.

नवीन काम झालं की पाणी एकदम सोडू नका. थोडं सोडा, हवा जाऊ द्या, मग पूर्ण. रांगोळी भुरभुरा आणि एक तासानं बघा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. डिसेंबरात सकाळी सगळा पाइपच ओला दिसला तर घाबरू नका, ते दव असतं. मी एकदा त्या दवासाठी टाकी रिकामी केली होती. आमचा पितळी व्हॉल्व आता दांडीतून किंचित ओलसर व्हायला लागलाय. आटे कोरडे आहेत, म्हणजे त्याच्या दांडीभोवतीचं पॅकिंग गेलं. पुढच्या रविवारी बदलतो.